टक्का नेमका कशावर?

१९८७ ची गोष्ट आहे. केरळातल्या अगस्त्य डोंगररांगेत काही वनस्पतिशास्त्रज्ञ फिरत होते, सोबत वाट दाखवायला कानी समाजातले तरुण होते. चढ उभा, शास्त्रज्ञांना धाप लागलेली, आणि ही पोरं मात्र मधूनमधून कसलीशी बारकी फळं तोंडात टाकत आरामात पुढे चाललेली. शास्त्रज्ञांनी पण ती खाऊन बघितली तर खरंच तरतरी आली. मग साहजिकच विचारलं की हे झाड कुठलं, तर ती पोरं आधी सांगायलाच तयार नव्हती, कारण ही माहिती बाहेरच्यांना द्यायची नाही असं त्यांच्यात ठरलेलं. बरंच समजावल्यावर त्यांनी ते दाखवलं. आरोग्यपच्चा. मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत वाढणारी छोटीशी वनस्पती, पायाखाली आली तरी आपल्याला कळणार नाही अशी.

पुढे पालोडच्या वनस्पती उद्यान संस्थेने त्यावर काही वर्षं काम केलं, फळांऐवजी पानं वापरून आणि सोबत आणखी तीन वनस्पती घेऊन 'जीवनी' नावाचं औषध तयार केलं, आणि कोईमतूरच्या एका कंपनीला ते बनवायचा सात वर्षांचा परवाना दिला. १० लाख रुपये लायसन्स फी आणि विक्रीवर २ टक्के रॉयल्टी, आणि यातलं अर्धं कानींना. तेव्हा भारतात लाभवाटपाचा, म्हणजे वनस्पती आणि तिच्याबद्दलचं ज्ञान वापरून झालेला फायदा ती राखणाऱ्यांनाही वाटून द्यायचा, कायदाच नव्हता, संस्थेने हे आपणहून केलं, त्याबद्दल मला आजही आदर वाटतो आणि जगभर हे उदाहरण शिकवलं जातं ते उगाच नाही. १९९७ मध्ये कानींचा ट्रस्ट नोंदवला गेला आणि १९९९ मध्ये त्यात साधारण ५ लाख १९ हजार रुपये जमा झाले.

आता हा आकडा जरा फोडून बघा. १० लाखांच्या फीचा अर्धा हिस्सा म्हणजे ५ लाख. उरले १९ हजार, तोपर्यंतच्या रॉयल्टीतला वाटा तेवढाच. म्हणजे ज्या रकमेने ट्रस्ट खऱ्या अर्थाने उभा राहिला ती आधीच ठरलेली, औषध खपो न खपो मिळणारी रक्कम होती, आणि ज्या 'दोन टक्क्यां'बद्दल एवढं लिहिलं बोललं गेलं त्यातून आलं ते पाच लाखांच्या मागे चिकटलेलं शेपूट.

मला या लेखात एवढंच म्हणायचंय, पण ते नीट म्हणायचंय, की लाभवाटपाची चर्चा जिथे बघावं तिथे टक्क्यावर येऊन अडकते, दोन की पाच की दहा, आणि टक्का कशावर लावलाय, पैसे कधी हातात येणार, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते जैविक संसाधनाची किंमत काढताना पाया धरायचा तो ते झाड, तो जंगलाचा तुकडा आणि तो राखणारी माणसं टिकवायला दरवर्षी जे लागतं त्याचा. तो आधी, बिनशर्त आणि दरवर्षी द्यायचा. विक्रीवरचा टक्का त्याच्यावर, वरून.

थोडी पार्श्वभूमी, कारण सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. १९९२ च्या रिओ परिषदेत जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला, १९९३ च्या डिसेंबरमध्ये लागू झाला. त्याआधी झाडं, बिया, जंतू ही 'मानवजातीची सामायिक ठेव' समजली जायची, ऐकायला छान वाटतं पण व्यवहारात त्याचा अर्थ असा होता की ज्याच्याकडे प्रयोगशाळा आणि पेटंटचा वकील आहे त्याने यावं, घ्यावं, जावं. या कराराने सांगितलं की संसाधनांवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क आहे आणि त्यातून होणारा फायदा न्याय्य रीतीने वाटला पाहिजे. २०१० ला याच लाभवाटपासाठीचा पूरक करार, नागोया प्रोटोकॉल, आला, २०१४ पासून लागू. भारताचा जैवविविधता कायदा २००२ चा. हे सगळं चांगलंच आहे, पण 'न्याय्य' म्हणजे किती ते यातल्या कुठल्याच करारात किंवा कायद्यात लिहिलेलं नाही, ते प्रत्येक वेळी टेबलावर बसून ठरतं, आणि टेबलाच्या एका बाजूला फायनान्सवाले लोक स्प्रेडशीट घेऊन बसलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी आयुष्यात या गोष्टीची किंमत कधी काढलीच नाही असे लोक, कारण त्यांच्यासाठी ती विकायची गोष्टच नव्हती.

मग किंमत काढायची कशी? सगळ्यात सोपा आणि सगळीकडे वापरला जाणारा मार्ग म्हणजे बाजारभाव. वाळलेल्या पानांचा, सालीचा, मुळांचा किलोमागे जो दर आहे तो धरायचा. पण हा दर नेमकं काय मोजतो याचा विचार करा. कुणीतरी पहाटे उठून जंगलात गेलं, दिवसभर वाकून पाला गोळा केला, डोक्यावर आणला, वाळवला, व्यापाऱ्याला दिला, तर त्या दरात फार तर त्या माणसाच्या दिवसाच्या मजुरीचा काही भाग असतो, तोही व्यापाऱ्याने ठरवलेला, कारण पाला फार दिवस ठेवता येत नाही आणि दुसरा गिऱ्हाईक दारात नाही. ही वनस्पती कुठे सापडते, कुठल्या महिन्यात काढायची, किती काढली तर पुढच्या वर्षी परत येते, कशावर चालते, हे ज्ञान त्या दरात शून्य रुपयांना धरलेलं असतं. आणि जंगल उभं आहे म्हणूनच ती वनस्पती आहे, ही गोष्ट तर हिशेबाच्या वहीत येतच नाही.

आपल्याकडचे २०१४ चे लाभवाटपाचे नियम बघा. उत्पादकाने कच्च्या मालाच्या खरेदी किमतीच्या ३ ते ५ टक्के द्यायचे, किंवा मग कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाच्या वर्षाच्या विक्रीवर टप्प्याटप्प्याने ०.१ ते ०.५ टक्के. समजा एखादा उत्पादक वर्षाला १० लाखांची वनौषधी विकत घेतो आणि २ कोटींचा माल विकतो. पहिल्या पद्धतीने ३० ते ५० हजार, दुसऱ्या पद्धतीने (१ ते ३ कोटींच्या टप्प्याला ०.२ टक्के) ४० हजार. म्हणजे वाट कुठलीही घ्या, या उदाहरणात तरी तिथेच येऊन पोचतो. आणि हे चाळीस हजार ज्या डोंगरातून माल आला तिथल्या किती गावांत वाटायचे, त्यातून एक वनरक्षक सोडा, रोपवाटिकेचं पाणी तरी वर्षभर भागेल का, हा प्रश्न नियमात कुठे विचारलेलाच नाही. टक्का आणि जंगल राखायचा खर्च या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंधच जोडलेला नाही. २०२५ च्या नव्या नियमांत टप्पे बदलले, ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना सूट, त्यापुढे ०.२, ०.४ आणि २५० कोटींच्या वर ०.६ टक्के. मोठ्यांवर जास्त बोजा, हे योग्यच झालं. पण पाया तोच राहिला.

दक्षिण आफ्रिकेतली दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली की माझा मुद्दा जास्त स्पष्ट होईल. पहिलं हूडियाचं. कलहारीतले सान लोक शिकारीच्या लांबच्या फेऱ्यांत भूक मारायला या निवडुंगासारख्या वनस्पतीचे तुकडे चघळायचे. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने १९९५ मध्ये त्यातल्या भूक मारणाऱ्या घटकाचं पेटंट मागितलं, मग ते एका ब्रिटिश कंपनीकडे गेलं, तिच्याकडून आणखी मोठ्या कंपन्यांकडे, आणि या सगळ्यात सान लोकांना कुणी विचारलं पण नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर २००३ मध्ये करार झाला, संस्थेला मिळणाऱ्या रॉयल्टीचे ६ टक्के आणि संशोधनाच्या टप्प्यांवर मिळणाऱ्या रकमांचे ८ टक्के सानांना. ऐकायला सहा टक्के बरे वाटतात ना, पण नीट वाचा, विक्रीचे नाही, विक्रीतून ब्रिटिश कंपनीला जे मिळेल त्यातून संस्थेला जे मिळेल त्याचे सहा टक्के. तिसऱ्या गाळणीतून खाली जे पडेल ते. आणि पडलं काय? ज्या बड्या कंपनीने औषध बनवायचं घेतलं होतं तिने २००३ मध्ये सोडून दिलं, दुसरी आली ती २००८ च्या सुमारास सुरक्षिततेच्या आणि परिणामकारकतेच्या शंका येऊन निघून गेली. ज्या रॉयल्टीच्या भरवशावर सगळी आशा बांधली होती ती आलीच नाही.

यात मी कंपनीला फसवणूक वगैरे म्हणणार नाही, औषध चाललं नाही तर नाही चाललं, संशोधनात दहातली नऊ कामं अशीच बुडतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण हेच तर माझं म्हणणं आहे. हा धंद्यातला धोका आहे, तो भांडवलवाल्याने घ्यायचा असतो, त्यासाठीच तो मोठा नफा मागतो. टक्क्याच्या करारात मात्र तो धोका सगळ्यात गरीब भागीदाराच्या अंगावर पडतो. शास्त्रज्ञाला पगार मिळतो औषध चालो न चालो, वकिलाला फी मिळते, पेटंट ऑफिसला शुल्क मिळतं, आणि ज्याने झाड दाखवलं तो एकटा यशाची वाट बघत बसलेला.

दुसरं उदाहरण रुईबोसचं, त्याच देशातलं, चहासारखं उकळून पितात ते. सान आणि खोई लोकांनी जवळपास नऊ वर्षं भांडून २०१९ मध्ये तिथल्या उद्योगाशी करार केला, शेतातून बाहेर पडणाऱ्या मालाच्या किमतीवर १.५ टक्का, दरवर्षी. हा शेतावरचा भाव आहे, परदेशात पाकिटात भरल्यावर जी किंमत होते ती नाही, म्हणून मला तो पाया अजूनही कमी वाटतो. तरीपण २०२२ मध्ये पहिला हप्ता आला तो १ कोटी २२ लाख रँडचा. का आला? कारण तो कुठल्या भविष्यातल्या चमत्काराला बांधलेला नव्हता. माल निघाला, लेव्ही, म्हणजे तो दीड टक्का, कापली गेली, पैसे आले. सहा टक्के हा दीड टक्क्याच्या चौपट आकडा आहे, आणि चौपट आकडा असलेल्या करारातून जवळजवळ काहीच आलं नाही.

आता कुणी म्हणेल की बाजारभाव चुकीचा असेल तर अर्थशास्त्रज्ञांनी शास्त्रीय पद्धतीने काढलेली किंमत घ्या. घ्यावी ना, पण ती कशी निघते ते बघूया. १९९६ मध्ये तीन अभ्यासकांनी हिशेब मांडला की औषध संशोधनाच्या दृष्टीने जंगलाच्या एका हेक्टरची किंमत किती. त्यांचं म्हणणं साधारण असं की उपयोगी रसायन एका झाडात नाही मिळालं तर दुसऱ्यात मिळू शकतं, त्यामुळे शेवटच्या एखाद्या प्रजातीवाचून फारसं अडत नाही. दुर्मिळ जीवसृष्टीने गच्च भरलेल्या पश्चिम इक्वेडोरसाठी, सगळी गृहीतकं जंगलाच्या बाजूने धरून, त्यांचा आकडा आला हेक्टरी २०.६३ डॉलर. २००० साली दुसऱ्या दोघांनी त्याच भागासाठी हिशेब केला, शोध आंधळेपणाने होत नाही, कुठे शोधायचं याची माहिती आधी असते असं धरून, तर आकडा आला ९,१७७ डॉलरपर्यंत. जवळजवळ ४४५ पट. मग २००६ मध्ये आणखी दोघांनी हे दोन्ही हिशेब समोरासमोर ठेवून तपासले, तर लक्षात आलं की एवढा फरक माहितीमुळे कमी आणि सुरुवातीला कुठले आकडे गृहीत धरले त्यामुळे जास्त पडलाय.

मी अर्थशास्त्राच्या विरोधात नाही, उलट या लोकांनी आपली गृहीतकं उघडी मांडली म्हणून तर दुसऱ्यांना ती तपासता आली. पण जो आकडा गृहीतकं हलवली की चारशे पट हलतो त्यावर कुणाचं पोट बांधायचं नसतं. वाटाघाटीत असा आकडा नेहमी त्याच्याच बाजूने झुकतो ज्याला तो तयार करून घेणं परवडतं. भविष्यात एखादं औषध निघेल की नाही, निघालं तर किती खपेल, हे कुणालाच माहीत नसतं, आणि याउलट हे जंगल राखायला या वर्षी काय लागलं हे तिथल्या लोकांना दिवसानिशी माहीत असतं. वणवा विझवायला किती जण किती रात्री गेले, किती हंगाम पाला तोडायचा नाही असं गावाने ठरवलं, कुठली जमीन लागवडीखाली आणली नाही आणि त्यापायी काय गमावलं. ही बेरीज करता येते. ती खोटी ठरवणं अवघड आहे.

सारावाकमधलं एक झाड माझ्या मनातून जात नाही. १९८७ मध्येच, कानींच्या त्या गोष्टीच्याच वर्षी, बोर्निओतल्या या मलेशियन राज्यात संशोधकांनी एका झाडाची फांदी आणि फळं गोळा केली आणि अमेरिकेत कॅन्सर संस्थेकडे पाठवली. तिथे चाचणीत दिसलं की त्यातलं एक द्रव्य एचआयव्ही विषाणूला रोखतं. ते द्रव्य म्हणजे कॅलॅनोलाइड ए. तेव्हा एड्सवर धड औषधं नव्हती, त्यामुळे धावत लोक परत गेले, आणखी नमुना आणायला, आणि ते झाड तिथे नव्हतं. तोडलं गेलं होतं. त्याच जातीची दुसरी झाडं शोधली तर त्यांच्यात ते द्रव्य पुरेसं मिळेना. शेवटी सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात इंग्रजांच्या काळात लावलेली काही झाडं होती त्यांच्यातून काम पुढे गेलं. नंतर सारावाक सरकारने अमेरिकन कंपनीबरोबर निम्म्या भागीदारीत कंपनी काढली, आणि अशा करारांमध्ये ५० टक्के हा फार म्हणजे फारच चांगला टक्का आहे. औषध बाजारात आलं नाही.

मी विचार करतो, ज्या माणसाने ते झाड तोडलं त्याची काय चूक? त्याच्यासाठी त्या झाडाची किंमत लाकडाएवढीच होती, कारण जगात कुणीच त्याला ते उभं ठेवण्याचे पैसे देत नव्हतं. फांदी घेऊन गेले तेव्हा काही दिलं गेलं असतं, अगदी थोडं, पण दरवर्षी, उभ्या झाडासाठी, तर ती कुऱ्हाड बहुतेक थांबली असती. पन्नास टक्क्यांचा करार झाला तेव्हा थांबवायला काही उरलंच नव्हतं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला पटतो सुद्धा. खर्चावर आधारलेली किंमत काढायची म्हटली तर गरीब माणसाचा खर्च कमीच निघणार. त्याची मजुरी कमी, त्याच्या गरजा कमी धरल्या जाणार, बायकांनी घातलेला वेळ तर कुणी धरतच नाही, मग अख्खं जंगल राखायचा खर्च हास्यास्पद आकड्यावर येईल आणि कंपनी म्हणेल वा, फार स्वस्तात पडलं. बरोबर आहे. म्हणून खर्च म्हणजे प्रत्यक्षात हातातून गेलेले पैसे एवढंच धरून चालणार नाही. प्रत्येकाचा दिवस किमान वेतनाच्या खाली मोजायचा नाही, बायकांचा पण, म्हाताऱ्यांचा पण. आणि जे सोडून दिलं त्याची किंमत धरायची, म्हणजे ती जमीन फोडून पीक घेतलं असतं किंवा लाकूड विकलं असतं तर जे मिळालं असतं ते. आणि हा हिशेब लोकांनी स्वतः करायचा, बाहेरच्या सल्लागाराने येऊन दोन दिवसांत नाही. शिवाय मी म्हणतोय तो हा तळाचा आकडा आहे, याच्या खाली करार करायचाच नाही. वर कितीही जा.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. काही लोक म्हणतात की प्रत्येक गोष्टीला किंमत लावायचीच कशाला, पवित्र गोष्टी विकायच्या नसतात. कानींमध्येच काही वैदूंचं, त्यांना प्लाथी म्हणतात, म्हणणं होतं की हे ज्ञान बाहेर द्यायलाच नको होतं. मला वाटतं त्यांना नाही म्हणायचा पूर्ण हक्क असला पाहिजे, आणि नाही म्हणायचा हक्क तेव्हाच खरा असतो जेव्हा पोटाची अडचण समोर उभी नसते. नुसतं यशस्वी झालो तर देऊ म्हणणाऱ्या करारात माणूस उपाशी पोटी हो म्हणतो. आणि किंमत लावल्याने वस्तू विकाऊ होते हे जितकं खरं, तितकंच हेही खरं आहे की जिला किंमत लावलेली नाही तिची किंमत व्यवहारात शून्य धरली जाते, सारावाकच्या झाडाची धरली गेली तशीच.

आणि एक अडचण अशी की पुष्कळदा मालक एक नसतो. सदाफुली घ्या. मूळची मादागास्करची, तिच्यापासून विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कॅन्सरवरची औषधं मिळाली, रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेली कितीतरी मुलं त्यामुळे वाचली. मादागास्करला काही मिळालं नाही म्हणून सगळे हळहळतात, पण संशोधकांना पानं आली होती जमैकातून, तिथे लोक मधुमेहावर त्याचा काढा घ्यायचे म्हणून, आणि झाड तर तोवर जगभर अंगणाअंगणात पोचलेलं. आता टक्का कुणाला द्यायचा? एका झाडाला एक वारस शोधत बसलो तर कोर्टकचेऱ्याच होतील. अशा ठिकाणी सामायिक निधी हाच मार्ग आहे, आणि निधीत पैसे गोळा करायचे म्हटले की पुन्हा तोच प्रश्न, किती आणि कशावर.

जनुकांची माहिती डिजिटल झाल्यापासून तर हा प्रश्न टाळताच येत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या गरम पाण्याच्या झऱ्यांतून एक जिवाणू घेतला गेला, त्याच्या उष्णता सहन करणाऱ्या एन्झाइमवर पुढे पीसीआर तंत्र उभं राहिलं, कोविडच्या काळात सगळ्या जगाला पाठ झालेलं. १९९१ मध्ये पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरला विकले गेले. पार्कला एक डॉलर नाही. तेव्हा निदान बाटली भरून पाणी तरी न्यावं लागलं होतं, आज जनुकांचा क्रम डेटाबेसमधून उतरवून घेतला की झालं, झाडापर्यंत, गावापर्यंत जायचंच नाही, मग करार कुणाशी आणि खरेदी किंमत कशाची, किलोचा भाव हा पायाच नाहीसा होतो. २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात झालेल्या जैवविविधता परिषदेत यासाठी एक जागतिक निधी ठरला, फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरू झाला. अशा माहितीवर धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का त्यात द्यावा, आणि किमान निम्मी रक्कम आदिवासी आणि स्थानिक समाजांकडे जावी. यातली चांगली गोष्ट ही की पैसे एका झाडाच्या एका औषधाला बांधलेले नाहीत. वाईट गोष्ट ही की द्यावेत असं म्हटलंय, दिलेच पाहिजेत असं नाही.

माझ्या कल्पनेतल्या पद्धतीला अव्यवहार्य म्हणणाऱ्यांना मी एकच उदाहरण देतो, आणि ते औषध कंपन्यांचंच आहे. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला द्यायचं थांबवलं, कारण आपण नमुने द्यायचे, त्यावरून दुसऱ्यांनी लस बनवायची, आणि ती आपल्यालाच परवडायची नाही, हे त्यांना दिसत होतं. तेव्हा त्यांच्यावर खूप टीका झाली. पण त्यातूनच २०११ मध्ये साथीच्या फ्लूसाठी एक चौकट ठरली, आणि तिच्यात कंपन्यांनी दरवर्षी किती द्यायचं ते कसं काढलं माहितीये? जगभरातल्या प्रयोगशाळांचं जे जाळं फ्लूवर लक्ष ठेवतं ते चालवायला वर्षाला साधारण ५ कोटी ६५ लाख डॉलर लागतात, त्याच्या निम्मे, म्हणजे साधारण २ कोटी ८० लाख, कंपन्यांनी मिळून भरायचे. त्या वर्षी कुणाची लस खपली का, नफा झाला का, याच्याशी संबंध नाही. जी व्यवस्था नमुने पुरवते ती जिवंत ठेवायचा खर्च मोजला आणि वाटून घेतला. इतकं साधं. मग जंगल ही पण नमुने पुरवणारीच व्यवस्था आहे, तिथे पांढरा कोट घातलेली माणसं नसतात म्हणून तिचा चालवायचा खर्च धरायचा नाही का?

त्यामुळे करार कसा असावा याबद्दल माझं मत आता बरंच पक्कं झालंय. आधी वार्षिक रक्कम, राखण्याच्या खर्चावरून काढलेली, नमुना घेतल्या दिवसापासून सुरू. पारंपरिक ज्ञानामुळे शोध सोपा झाला असेल तर त्याचे वेगळे पैसे, कारण झाड असणं आणि हेच झाड बघा असं कुणीतरी बोट दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कानींच्या त्या पोरांनी शास्त्रज्ञांची किती वर्षं वाचवली असतील ते बघा. त्यानंतर विक्रीवरचा टक्का, अंतिम विक्रीवर, मधल्या कुणाच्या रॉयल्टीवर नाही. आणि करार उघडा. १९९१ मध्ये कोस्टा रिकातल्या जैवविविधता संस्थेने एका मोठ्या औषध कंपनीशी जो करार केला तो तेव्हाचा सगळ्यात गाजलेला, १० लाख डॉलरहून जास्त आधीच दिले गेले आणि त्यातला काही भाग थेट संवर्धनाला गेला, ही त्यातली खरोखर घेण्यासारखी गोष्ट. पण रॉयल्टीचा दर गुप्त ठेवला गेला, त्यामुळे पुढे जे देश वाटाघाटीला बसले त्यांना मागायचं किती हेच कळायला मार्ग नव्हता.

छोट्या उत्पादकांचं काय, असं विचारलं जातं, आणि ते रास्त आहे. घरगुती पातळीवर काढे, तेलं बनवणाऱ्याला फॉर्म भरायला लावून काही साधत नाही, त्यांना सूट असावी. विद्यार्थ्यांच्या, कॉलेजांच्या संशोधनाला पण नको. पण सूट उलाढालीवरून द्यावी, माल लागवडीचा आहे किंवा ज्ञान पोथीत लिहिलेलं आहे अशा कारणांवरून नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या दुरुस्तीत अशा सवलती आल्या आहेत आणि त्यांच्या आडून मोठे मासे निसटतील अशी मला खरी काळजी वाटते. उत्तराखंड हायकोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की देशी कंपन्यांनाही लाभवाटप लागू आहे, आणि स्थानिक समाजांचा हक्क कंपनी कुठली यावरून ठरत नाही. तो निकाल धरून ठेवायला हवा.

पैसे गावात पोचले तरी काम संपत नाही हे कानींच्या बाबतीत दिसलंच. आरोग्यपच्चाला जंगलाची सावली लागते, लोकांना ती लावायची होती, पानं विकायची होती, तर राखीव जंगलातून पानं काढायला वनखात्याने हरकत घेतली. एका सरकारी संस्थेने ज्ञानाचे पैसे दिले आणि दुसऱ्या खात्याने झाडाला हात लावू दिला नाही. वर्षाची रक्कम ठरवताना झाडापर्यंत जायचा हक्क कुणाचा हे आधी ठरलं पाहिजे, नाहीतर राखणाऱ्याला राखायचा अधिकारच नसतो.

कायदा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. देशात जैवविविधता कायद्याखाली स्थानिक पातळीवर नेमलेल्या अडीच लाखांहून जास्त जैवविविधता व्यवस्थापन समित्या कागदावर आहेत, त्यांच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत, त्यात झाडाचं स्थानिक नाव, उपयोग, कुठे सापडतं, असे रकाने आहेत. कुठलीही समिती उद्यापासून त्या वहीत स्वतःहून एक रकाना वाढवू शकते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही: गेल्या वर्षी हे राखायला किती माणसांचे किती दिवस गेले. नावानिशी, महिन्यानिशी, बायकांचे दिवस धरून. पाच वर्षं हा रकाना भरलेला असेल आणि मग कुणी कंपनीचा माणूस फांदी मागायला आला, तर वही उघडून त्याच्यासमोर ठेवता येईल आणि बोलणं तिथून सुरू करता येईल.